घरबसल्या पैशांचे खेळ आणि कायदा



ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला, तेव्हापासून पालक सभेत हा विषय हमखास निघतो. कुणी विचारतात, "सर, घरी बसून मोबाईलवर पैसे लावून खेळणाऱ्याला पोलीस धरू शकतात का?" कुणी म्हणतात, "सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले होते ना, मग ती बंद कशी झाली?" आणि सभा संपल्यावर, सगळे चहाकडे वळले की एखादे पालक मागे थांबतात आणि हळूच सांगतात, "मुलाच्या बँक खात्यात कुणा अनोळखी माणसाचे पैसे आले आहेत, काय करावे?" या तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त घाबरतो. पण तिथे पोहोचण्याआधी पहिले दोन समजून घेतले पाहिजेत.

आम्ही वकील नाही. कायद्यांचे मूळ मजकूर आणि प्रसिद्ध झालेले निकाल वाचून जे समजले ते इथे मांडतो आहोत. एखाद्या घरात प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिले असेल, तर वकिलाकडेच जावे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमचे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे कायद्याचे नाव काढले की तोंडात "धारा" येते. मराठी वाचकांनी तिथे कलम समजावे.

आपल्या मध्य प्रदेशात जुगाराचा जो मुख्य कायदा चालतो तो १८६७ चा आहे, सार्वजनिक द्यूत अधिनियम. तो झाला तेव्हा इंदूर हे होळकरांचे संस्थान होते, त्यामुळे इथे तो नंतर लागू झाला. दीडशे वर्षांहून जुना हा कायदा वाचताना एक गंमत लक्षात येते. इंग्रजांना जुगारापेक्षा जुगाराच्या अड्ड्याची जास्त काळजी होती. धारा ३ अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे. मूळ कायद्यात त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती. धारा ४ अड्ड्यावर सापडलेल्या माणसासाठी आहे, शंभर रुपये किंवा एक महिना. धारा १३ रस्त्यावर, सार्वजनिक जागी खेळणाऱ्यांसाठी आहे. वर्तमानपत्रात "जुआ एक्ट में धरे गए" अशी जी बातमी येते, ती बहुधा याच धारांची असते.

आता अड्डा कशाला म्हणायचे? कायद्याची अट अशी की, घर, खोली किंवा जागा कोणतीही असो, तिथे पत्ते, फासे वगैरे जुगाराचे सामान ठेवलेले असावे आणि त्यातून मालकाला नफा होत असावा. म्हणजे प्रत्येक डावातून घरमालक स्वतःचा हिस्सा काढून घेतो, आपल्याकडे ज्याला "नाल काटना" म्हणतात, ती नाल हीच खरी खूण. दिवाळीच्या रात्री आपल्या दिवाणखान्यात काका, आत्या, मेहुणे बसून आठ आण्यांची रमी खेळले आणि कुणीही नाल काढली नाही, तर ते घर या कायद्याच्या अर्थाने अड्डा होत नाही. पण त्याच घरात पन्नास अनोळखी माणसे येऊ लागली, मालक प्रत्येक डावामागे पैसे घेऊ लागला, की घर बदलले. भिंती त्याच, छत तेच, पण कायद्याच्या नजरेत तो अड्डा झाला. मग पोलीस वॉरंट घेऊन येतात, पत्ते सापडले तर जागा अड्डा असल्याचा पुरावा धरला जातो, आणि तिथे बसलेला माणूस जुगारासाठीच बसला होता असे गृहीत धरले जाते. नव्हता, हे त्याने सिद्ध करायचे.

याच कायद्याची धारा १२ म्हणते की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. ही एक ओळ पुढे कोट्यवधी रुपयांच्या धंद्याची आधारशिला झाली. सट्ट्यासाठी मध्य प्रदेशाने वेगळी धारा ४-क जोडली, कारण आकड्यावर पैसे लावणाऱ्याला ना पत्ते लागतात ना फासे, एक पर्ची पुरते. मुंबईच्या मटक्याची सुरुवात तशीच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला येत, त्यांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा १९६२ पासून कल्याणजी भगत यांनी आणि नंतर रतन खत्री यांनी आकडे काढण्याचा धंदा सुरू केला. मुद्दा एवढाच की जुगार नेहमी कायद्याच्या एक पाऊल पुढे असतो. कापूस गेला, आकडा आला. आकड्याची पर्ची गेली, ॲप आले.

१८६७ च्या कायद्याला अर्थातच मोबाईल ठाऊक नव्हता. ज्या खेळाचा अड्डा कुठल्याशा परदेशी बेटावरच्या सर्व्हरमध्ये आहे आणि खेळणारा सुदामा नगरात आपल्या पलंगावर पडला आहे, तिथे "घर" कुठले? यावर वर्षानुवर्षे वाद चालले. काही वकील म्हणत, घरी बसलेला खेळाडू अड्ड्यात सापडलेला नाही, तेव्हा त्याला धारा ४ लागत नाही. काही म्हणत, सर्व्हर हाच अड्डा. दरम्यान खेळणारे खेळत राहिले आणि हरणारे हरत राहिले.

दुसरी अडचण आपल्या राज्यघटनेची. जुगार आणि पैजा हा विषय राज्यसूचीत आहे, नोंद ३४. म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. गोव्यात १९७६ चा कायदा, त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट करून दिली गेली. (गोव्याच्या परवान्याचा फोटो लावून घरबसल्या खेळवणारी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवावे की ते परवाने त्या जागेपुरते असतात, तुमच्या मोबाईलसाठी नव्हेत.) सिक्कीमने २००८ मध्ये आणि नागालँडने २०१६ मध्ये ऑनलाइन खेळांना परवाने देणारे कायदे केले. उलट तेलंगणाने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये कौशल्याची सवलतच काढून टाकली, पैसे लावले की गुन्हा. कर्नाटकाने २०२१ मध्ये बंदी घातली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. तमिळनाडूचाही २०२१ चा कायदा रद्द झाला, त्यांनी २०२२ मध्ये पुन्हा केला आणि उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यातून रमी आणि पोकर वगळले.

आपल्यासारख्या घरांत याचा परिणाम मजेशीर होत असे. एक भाऊ इंदूरला, एक बहीण हैदराबादला, मामा बेळगावला, चुलत भाऊ चेन्नईत नोकरीला. तोच खेळ, तेच ॲप, पण एकाला चालतो, दुसऱ्याला गुन्हा, तिसऱ्याला गेल्या महिन्यापर्यंत गुन्हा आणि आता चालतो. चेन्नईतल्या चुलत भावासाठी एक तपशील महत्त्वाचा आहे. तमिळनाडूच्या २०२२ च्या कायद्यात ऑनलाइन जुगार खेळणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे "मी तर माझ्या खोलीत बसलो होतो" हे उत्तर पुरत नाही.

आता दुसरा प्रश्न, कौशल्य आणि नशीब. १९५७ मध्ये शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून सुप्रीम कोर्टात चमारबागवाला यांची प्रकरणे गेली. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण त्याला नाही. आणि ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगारात मोडत नाही. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबचे प्रकरण आले. सभासद पैसे लावून रमी खेळत होते, पोलिसांनी धाड घातली. १९६८ च्या निकालसंग्रहात छापलेल्या या निकालात कोर्टाने म्हटले की रमी ही तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे कोणते टाकावे याचा विचार लागतो, म्हणून तिच्यात कौशल्याचा भाग प्रधान आहे. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबद्दल आणि २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात काल्पनिक क्रिकेट संघांच्या खेळाबद्दल असेच निष्कर्ष निघाले.

रमीचा तो निकाल जाहिरातींमधून फार अर्धवट सांगितला गेला. त्याच निकालात कोर्टाने हेही बजावले होते की घराचा किंवा क्लबचा मालक पैसे लावून चाललेल्या रमीतून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे पुन्हा नालेचाच मुद्दा. पत्ते आणि टेबलाचे किरकोळ पैसे वेगळे, डावावर पोट भरणे वेगळे. ॲपवाल्या कंपन्या काय करत होत्या? प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढत होत्या.

विद्यार्थी मित्रांनो, इथे थोडे गणित करू. समजा दहा मुलांनी शंभर शंभर रुपये टाकले. हजार झाले. खेळवणाऱ्याने शेकडा पंधरा काढून घेतले, जिंकणाऱ्यांत साडेआठशे वाटले. तेच दहा जण तेच साडेआठशे घेऊन पुन्हा बसले. आता ७२२ रुपये ५० पैसे उरले. असे पाच डाव झाले की दहा जणांच्या हजारातले ४४३ रुपये आणि काही पैसे शिल्लक राहतात. यात कोण हुशार, कोण ढ, कुणाची पाने चांगली याचा काहीही संबंध नाही. सगळे अगदी सारखेच हुशार असले तरी पैसे आटतच जातात, कारण खेळवणारा कधी हरत नाही. नववीतल्या चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात व्याजाचा दर उणे पंधरा घालून पाहा, हेच उत्तर येईल. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे, असे आम्ही शिक्षकांनाही सुचवले आहे.

आता २०२५ चा कायदा. २० ऑगस्टला विधेयक लोकसभेत आले आणि त्याच दिवशी मंजूर झाले, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले, २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नावात "प्रोत्साहन आणि नियमन" असे शब्द आहेत, पण पैशांच्या खेळांपुरती ती सरळ बंदी आहे. कायदा म्हणतो, फी भरून, पैसे जमा करून किंवा पैशांच्या जागी चालणारी नाणी, टोकन वगैरे लावून, बदल्यात पैसे मिळण्याच्या आशेने जो ऑनलाइन खेळ खेळला जातो तो "ऑनलाइन पैशांचा खेळ", मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोहोंचा. धारा १२ ची ती जुनी खिडकी इथे बंद झाली.

शिक्षा कुणाला? खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांची देवघेव करून देणाऱ्याला पुन्हा तीन वर्षे आणि एक कोटी. दुसऱ्यांदा तोच गुन्हा केला तर शिक्षा वाढते. खेळ पुरवणे आणि देवघेव करून देणे हे गुन्हे अजामीनपात्र आहेत. परदेशातून चालणारी सेवा भारतात दिली जात असेल तर तीही कक्षेत येते. नुसत्या खेळणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. सरकारची भूमिका अशी की खेळणारा हा बळी आहे. विधेयक आले तेव्हा सरकारने जो अंदाज सांगितला तो पंचेचाळीस कोटी लोकांवर वाईट परिणाम आणि वीस हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान असा होता.

कायदा मंजूर होताच ड्रीम इलेव्हनसह मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून ते नावही उतरले. काही कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या याचिका सुप्रीम कोर्टाने एकत्र करून स्वतःकडे घेतल्या. राज्यसूचीतल्या विषयावर संसद असा कायदा करू शकते का, आणि कौशल्याच्या खेळाला असे बंद करता येते का, असे प्रश्न त्यात आहेत. प्रश्न सोपे नाहीत, आणि आम्ही त्यात पडत नाही. आमचे मत विचाराल तर खेळवणाऱ्यावर बोट ठेवणारा कायदा आम्हाला १८६७ च्या कायद्याच्याच वळणाचा वाटतो, फक्त अड्डा आता खिशात मावतो एवढेच.

इथे पालकांची एक चूक समजूत होते. "खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणजे खेळायला हरकत नाही." असे नाही. पहिले कारण वर सांगितले, राज्यांचे कायदे जागच्या जागी आहेत. दुसरे असे की मोठ्या देशी कंपन्या बाजूला झाल्यावर जे खेळ मोबाईलवर उरतात ते बहुतेक परदेशातून, लपूनछपून चालणारे. तिथे जिंकलात आणि पैसे दिले नाहीत तर दाद मागता येत नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या धारा ३० प्रमाणे पैजेचा करारच निरर्थक आहे, त्यावर दावा चालत नाही. लॉटरीची तिकिटे, परदेशी सट्टा यांसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत २००० सालापासून मनाई आहे. आणि समजा पैसे मिळालेच, तर ऑनलाइन खेळांच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून ३० टक्के आयकर आहे, वर उपकर. आयकर विभाग हे विचारत नाही की कमाई कायदेशीर होती का.

आता तो तिसरा प्रश्न, सभेनंतर हळूच विचारला जाणारा. खेळ पुरवणाऱ्यांना लोकांकडून पैसे घ्यायचे असतात, पण स्वतःच्या नावाने घेता येत नाहीत. म्हणून त्यांना हजारो दुसऱ्यांची खाती लागतात. ही खाती कुणाची असतात? आपल्याच कॉलेजात जाणाऱ्या मुलांची, रिक्षा चालवणाऱ्यांची, नोकरी शोधणाऱ्यांची. "खाते उघड, एटीएम कार्ड, चेकबुक आणि सिम आम्हाला दे, महिन्याला अमुक हजार घे." आपल्या भागात सरळ म्हणतात, खाते किरायाने दिले. बँकवाले अशा खात्याला म्यूल म्हणतात, म्हणजे ओझ्याचे खेचर. नाव अगदी योग्य आहे. ओझे दुसऱ्याचे, पाठ खेचराची.

महादेव बुक या नावाचे प्रकरण बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. त्याची पाळेमुळे भिलाईत, म्हणजे २००० पर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात असलेल्या गावात. सूत्रे दुबईतून हलत. अंमलबजावणी संचालनालयाने जे मांडले त्यानुसार ठिकठिकाणी "पॅनल" वाटून दिले जात आणि नफा सत्तर-तीस असा विभागला जाई. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ते आणि त्याच्यासारखी मिळून बावीस ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. अशा पॅनलवर फोन घेणारी, आयडी बनवणारी, पैसे इकडून तिकडे करणारी जी पोरे असतात ती विशी-बाविशीची. त्यांना घरी सांगितलेले असते, "डेटा एंट्रीची नोकरी लागली."

अशा मुलाला "खेळणारा बळी" ही सवलत मिळत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. २०२५ च्या कायद्यात देवघेव करून देण्याला शिक्षा आहे, आणि तिथे बँकांबरोबरच "इतर कोणीही व्यक्ती" असे शब्द आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या धारा ११२ मध्ये टोळीने केलेली बेकायदा पैजबाजी आणि जुगार हा लहान संघटित गुन्हा मानला आहे, शिक्षा एक ते सात वर्षे. खात्यातून फिरलेले पैसे जर एखाद्याला फसवून उकळलेले निघाले तर फसवणुकीची धारा लागू शकते. आणि प्रकरण मनी लाँडरिंगच्या कायद्यात गेले तर तीन ते सात वर्षे. मुलाला मिळाले असतील पाच हजार रुपये.

जाहिरातीचेही तसेच. कुणी मित्राने पाठवलेला "माझा कोड वापर, तुला बोनस मिळेल" असा निरोप आपण वर्गाच्या ग्रुपवर पुढे ढकलला, तर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरातीत सहभाग या शब्दांत ते येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे दोनदा वाचावे.

खात्यात अनोळखी पैसे आलेच असतील तर काय? ते पैसे खर्च करू नयेत आणि फोनवर कुणी सांगितले म्हणून तिसऱ्याच खात्यात "परत"ही पाठवू नयेत. ही परत पाठवण्याची विनंतीच बहुधा साखळीतली पुढची कडी असते. त्याच दिवशी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा, प्रतीवर शिक्का घ्यावा. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवावे. कार्ड किंवा सिम कुणाला दिले असेल तर आधी ते बंद करून घ्यावे. उशीर झाला की कुठल्या तरी दूरच्या राज्यातून तक्रार येते, खाते गोठते, आणि मग तिथल्या पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात. घरातल्यांना कळेल या भीतीने मुले गप्प राहतात. पालकांना विनंती अशी की त्या पहिल्या दिवशी रागवणे पुढे ढकलावे. रागवायला नंतर भरपूर वेळ मिळतो.

अठरा वर्षांखालील मुलांबद्दल कायदा स्पष्ट आहे. अज्ञानाशी केलेला करार मुळातच होत नाही, १९०३ पासून हे ठरलेले आहे. पण मूल वडिलांच्या मोबाईलवरून, वडिलांच्या पिनने पैसे भरते, तेव्हा बँकेच्या नोंदीत ते पैसे वडिलांनीच भरलेले असतात. पिन हा कुलपाच्या किल्लीसारखा आहे. आजीच्या चाव्यांचा जुडगा कमरेला असायचा, तो उगीच नव्हे.

सगळेच ऑनलाइन खेळ वाईट, असेही आमचे म्हणणे नाही. बुद्धिबळ मुलांनी जरूर खेळावे, जगातल्या कुठल्याही गावातल्या मुलाशी खेळावे. पैसे न लावता खेळण्याचे खेळ, आणि ई-स्पोर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धा यांना २०२५ च्या कायद्याने उलट प्रोत्साहनच दिले आहे. नुसते ॲप वापरण्याची ठरावीक वर्गणी आणि डावावर लावलेला पैसा यांतही कायदा फरक करतो. आणि ज्याला सवय सुटता सुटत नाही, मग तो मुलगा असो की मुलाचे वडील, त्याच्यासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. शाळेत येऊन बोलायचे असेल तर दुपारी दोननंतर आम्ही असतो, बोलणे बाहेर जात नाही.

राहता राहिला विश्वस्तांचा प्रश्न, आनंदमेळ्यातल्या तंबोला आणि लकी ड्रॉचा. न्याय संहितेची धारा २९७ म्हणते की सरकारी किंवा सरकारने परवानगी दिलेली नसेल अशी लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शाळेच्या मदतीसाठी दहा रुपयांचे कूपन विकून सायकल काढणे याला कुणी गुन्हा म्हणत नाही, हे खरे. पण नववीतला एखादा मुलगा वर छापलेले सगळे वाचून आम्हाला विचारेल, "सर, मग आपले कूपन काय आहे?" तेव्हा यंदाच्या मेळ्यात तंबोला राहील, पण तिकीट प्रवेशपत्रासोबत फुकट. बक्षिसे दोन विश्वस्तांनी स्वतःच्या खर्चाने द्यायचे कबूल केले आहे. लकी ड्रॉच्या जागी भेळ आणि साबुदाणा खिचडीचा आणखी एक स्टॉल लागेल. त्यासाठी सामान आणि हात दोन्ही हवेत. ज्या पालकांना जमेल त्यांनी कार्यालयात नावे नोंदवावीत.